बिरूची सपादणी

माझी सून सिंधू कामापुरतं बोलते. माझा मुलगा बिरू गेला तेव्हापासूनचं हे. तिच्या वाट्याचं मी बोलते असं वस्तीवरचे लोक म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. म्हणून तिची पोरगी, माझी नात प्रतिभा, बारावीनंतर शिरूरच्या कॉलेजात सायन्सला जाते म्हणाली तेव्हा मी कुणाला मध्ये पडू दिलं नाही. भांडगावच्या आमच्या वस्तीवरून शिरूर लांब पडतं, पोरगी हॉस्टेलात राहणार, नाक मुरडणारे पुष्कळ निघाले. मी म्हटलं, तुमची नाकं तुमच्यापाशी ठेवा.

शेवटच्या वर्षाला तिला अनुपमा मॅडम म्हणून शिक्षिका आल्या. त्यांनी वेगळीच टूम काढली. त्यांचं म्हणणं, पुस्तकात येईपर्यंत गोष्ट शिळी होते. डॉक्टर आणि संशोधक जे शोधून काढतात ते आधी मोठ्या मासिकांत छापून येतं, ते पोरांनी थेट वाचायचं. त्याला ते लोक पेपर म्हणतात. परीक्षेचा नव्हे आणि बातम्यांचाही नव्हे. आणि वाचून नुसतं वहीत उतरवायचं नाही, तर पहिल्या वर्षाच्या पोरांना समजेल, घरच्या माणसांना समजेल अशा मराठीत उभं राहून सांगायचं.

पोरगी सुट्टीला घरी आली ती कागदांचा गठ्ठा घेऊन. दोन दिवस ओसरीवर बसून ओठ हलवत होती. शब्द सुटा कळतो, म्हणाली, ओळ कळत नाही. तिची मैत्रीण सविता दौंडच्या रेल्वे कॉलनीतली, लहानपणापासून इंग्रजी शाळेत गेलेली. ती धडाधडा वाचायची, तिला कळायचंही, पण मराठीत सांग म्हटलं की तिची जीभ अडायची. एकीकडे विहीर आणि दुसरीकडे दोर, असली दोघींची जोडी. मी म्हटलं, "मग सपादणी करा की. एकीनं म्हणायचं, दुसरीनं सोडवायचं."

आम्ही धनगर. आमच्यात बिरोबापुढं ओव्या होतात तेव्हा एक जण गातो. गाणं थांबलं की दुसरा उठतो आणि गायलं तेवढंच साध्या बोलण्यात उलगडून सांगतो. ती सपादणी. गाणारे माझे दीर हौसराव, आणि सपादणी करायचे माझे मालक, ज्ञानू. सपादणीवाल्याला पदरचं घालता येत नाही आणि गायलेलं गाळता येत नाही. गाळायची मुभा एकाच जागी, ती म्हणजे मरण. देवाच्या अंगणात मरण बोलायचं नाही अशी आमची रीत. तिथं सांगणारा हात वर करतो, ढोलावर एक थाप पडते, ऐकणारे काय ते समजतात आणि कथा पुढं सरकते.

पोरींनी तसं केलं. सविता थोडं वाचायची, थांबायची, प्रतिभा तेवढंच सांगायची. मॅडमना ते एवढं पटलं की त्यांनी सगळ्या वर्गाच्या जोड्या लावल्या. आमच्या रीतीचं कौतुक शिरूरला झालं ते ऐकून मला बरं वाटलं, पण मी तसं दाखवलं नाही. पुढं मॅडम म्हणाल्या, आता प्रत्येक जोडीनं आपल्या माणसांच्या उपयोगाचा पेपर निवडा आणि त्या माणसांतच जाऊन सांगा. प्रतिभानं निवडला साप चावण्याचा. मण्यारीचा. मेंढ्यांमागं हिंडणारी आमची माणसं रात्री जमिनीवर झोपतात, त्यांच्या कामाचं आहे, म्हणाली. वाचायला घेतल्यावर आत काय निघालं ते मात्र तिनं घरात कुणाला सांगितलं नाही.

बिरूला जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हा आमच्या मेंढ्या दौंडच्या पुढं नदीकाठाला एका बागायतदाराच्या रानात बसवल्या होत्या. रानाला खत होतं आणि मेंढरांना जागा मिळते, असा तो व्यवहार. बिरू आणि सिंधू तिथंच वाघरीशेजारी, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीशेजारी, घोंगडी टाकून झोपायची. एका पहाटे तो पोटात कळ येते म्हणून उठला. सिंधूला वाटलं रात्रीचं कालवण बाधलं, तिनं ओवा चावायला दिला. उजाडलं तशा त्याच्या पापण्या खाली यायला लागल्या. जीभ जड झाली, चालताना तोल जायला लागला. हौसराव शेजारच्या रानातून त्यांची मेंढरं सोडून आले, त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाले की पोरानं ढोसलीय, झोपू दे. आदल्या दिवशी बाजार होता, बरोबरीची पोरं भेटली होती, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. ऊन डोक्यावर येईस्तोवर त्याला श्वास घेता येईना. मग टेम्पोत घालून दौंडला निघाले. गाव लागायच्या आधीच तो गेला.

बिरू कधी घेतच नव्हता असं मी म्हणणार नाही. यात्रेला घ्यायचा, आणि मी त्याला त्यावरून झोडलंही आहे. पण तो दारूनं मेला हे माझ्या गळ्याखाली कधी उतरलं नाही. मातीला जमलेल्या माणसांत हौसरावांनी ते बोलून दाखवलं आणि त्यांचा आवाज गाणाऱ्याचा. तो शब्द वस्तीवस्तीवर गेला. प्रतिभा शाळेत असताना पोरं तिला त्यावरून हिणवायची. एकदा एक सोयरीक विचारायला आलेली बाई माझ्याच ओसरीवर चहा पिऊन म्हणाली, पोरगी चांगली हाय, पर बापाचं तसलं. तिच्या हातातली कपबशी मी काढून घेतली होती.

तर पोरींनी पेपर सांगायचा त्या रविवारी बिरोबाच्या अंगणात माणसं जमली. मॅडम आल्या, सविता आली. बायका एकीकडं, बाप्ये एकीकडं, मधे ढोल घेऊन हौसराव. कॉलेजातल्या पोरी सपादणी करणार याचं त्यांना हसू येत होतं, पण ढोल त्यांनी दुसऱ्याकडं दिला नाही.

सविता इंग्रजीत वाचायची, प्रतिभा मराठीत सांगायची. मालकांची आठवण व्हावी असं तिचं चाललं होतं. मण्यार रात्री उंदरामागं फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंगाखाली ऊब असते तिथं शिरते. माणूस कूस बदलतो आणि ती चावते. चावलेलं मुंगीएवढंही जाणवत नाही, सकाळी शोधून खूण सापडत नाही. डॉक्टरांनी बरीच वर्षं आपल्या दवाखान्यात आलेल्या अशा माणसांची नोंद ठेवली आणि त्यावरून हे मांडलं. माणसं माना डोलवत होती.

मग सवितानं पुढचं वाचलं. बराच वेळ वाचत होती. ती थांबल्यावर प्रतिभानं काही न बोलता हौसरावांकडं पाहून हात वर केला. ढोलावर थाप पडली. सगळ्यांना वाटलं, आता दगावलेल्यांचं आलं असणार, पोरगी रीत पाळते. म्हाताऱ्यांनी कौतुकानं एकमेकांकडं पाहिलं. प्रतिभा पुढं निघाली, खाट वापरा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, बॅटरी जवळ ठेवा.

मी पाहत होते ती सविताकडं. ती प्रतिभाकडं अशी बघत राहिली होती की जणू हिनं भरल्या घागरीतलं पाणी रस्त्यात ओतलं. आणि मला वाटलं, मरण एवढं लांबलचक नसतं. मरण एका ओळीत उरकतं. हिनं मरणाच्या आडून दुसरंच काहीतरी लपवलं.

पाहुण्या गेल्यावर मी पोरीला वाड्यामागं गाठलं. ती कोकरांना पाला टाकत होती. काय गाळलंस म्हणून विचारलं तर पहिल्यांदा, काही नाही आज्जे, म्हणाली. मी तिथंच दगडावर बसले. मी बसले की उठत नाही हे तिला माहीत आहे.

तिनं सांगितलं. त्या गाळलेल्या भागात असं होतं की मण्यार चावलेली माणसं पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतात. खूण नसते म्हणून घरच्यांना खाण्याचं बाधलं असं वाटतं. मग पापण्या पडतात, बोलणं अडखळतं, तोल जातो आणि बघणारे म्हणतात, प्यालाय. तिथंच वेळ जातो. जी वेळेत पोचली, ज्यांना विषावरचं इंजेक्शन आणि श्वास द्यायचं मशीन मिळालं, त्यांतली बहुतेक चालत घरी गेली.



"आईनं त्यांना झोपू दिलं, आज्जे," पोरगी म्हणाली. "तिच्या तोंडावर मी कसं सांगू, की उठवलं असतं तर जगले असते?"

मी विचारलं, हे छापून कधी आलं. ती पाल्याची काडी मोडत राहिली. मग म्हणाली, आबा, म्हणजे तिचा बाप, जायच्या दोन वर्षं आधी.

दुसऱ्या दिवशी पोरगी सकाळीच हॉस्टेलला परतली आणि तिच्यामागनं मी चौफुल्यावरून शिरूरची एस.टी. धरली. घरी सांगितलं, पोरीचा डबा द्यायला चालले. मॅडम वर्गातून येईपर्यंत स्टाफरूमच्या दारातच उभी राहिले. खुर्ची दिली तरी बसले नाही. त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, एवढं लिहिलेलं होतं तर होतं कुठं.

मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, ते परदेशातलं मासिक आहे, पैसे भरणाऱ्यालाच उघडतं. आमच्यासारख्या कॉलेजला परवडत नाही. पुढं ते सगळ्यांना खुलं झालं, पण तेही इंग्रजीत, आणि अमुक ठिकाणी आहे हे माहीत असलं तरच सापडणार. मलासुद्धा गेल्या वर्षी सापडलं.

"आन् डॉक्टर कुठलं?"

"आपल्याच जिल्ह्यातले, आजी."

"म्हंजी माणसं आमची, साप आमचा, आन् कुलूप त्येंचं."

 मॅडम म्हणाल्या की त्या डॉक्टरांनाही ते लोकांपर्यंत जावं असंच वाटत असणार, पण लिहिणाऱ्यापासून झोपणाऱ्यापर्यंत मधे कुणीच नसतं. "ती मधली माणसं तयार व्हावीत म्हणून तर मी पोरांच्या मागं लागलेय," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मला फुशारकी जाणवली नाही, म्हणून मी आणखी तोडून बोलले नाही. निघताना त्यांनी सांगितलं, प्रतिभाला तो भाग सांगणं जड जात असेल तर राहू द्या, तिचे मार्क कापले जाणार नाहीत. मी म्हटलं, मार्कांचं तुमचं तुम्ही बघा, आमचं दुसरंच अडलंय.

परतीच्या गाडीत न्हावऱ्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते, पण बाहेरचं काही दिसत नव्हतं. एका बाजूला माझ्या लेकाचं नाव होतं. ते धुऊन निघायचं तर हे चारचौघांत बोललं जायला हवं. दुसऱ्या बाजूला सिंधू. मी तिला उभ्या आयुष्यात गोड बोललेले नाही. मिठापासून मेंढरापर्यंत सगळ्यावरून बोलले. पण बिरूवरून तिला कधी बोलले नाही, आणि आता बोलायची वेळ आणली होती ती या कागदानं. मी कडक बाई आहे, कसाई नाही. एवढं मात्र मला उतरेपर्यंत कळलं, की हे तिला अंगणात सगळ्यांबरोबर कळता कामा नये. आधी घरात कळायला हवं, आणि माझ्याकडून.

ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मी उंबऱ्यावर बसून सांगितलं. पोटात दुखण्यापासून मशीनपर्यंत सगळं, पोरीनं सांगितलं तसंच. तिचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर पडली.

"त्यांच्या तोंडाला वास न्हवता, आत्या," ती म्हणाली. सून मला आत्या म्हणते. "म्या तवाच सांगितलं व्हतं तात्यांना. ते म्हणले, तुला काय कळतंय."

तात्या म्हणजे हौसराव. हे मला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तिनंही नाही.

"मला बोलली का न्हाईस?"

"समदी म्हणत व्हती प्याला म्हणून. मग मला वाटाया लागलं, माझंच नाक खोटं."

भाकरी करपत होती. तिनं उलटली नाही, मीही सांगितलं नाही. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

"येळेत नेलं असतं तर वाचलं असतं?"

कुणास ठाऊक, असं म्हणता आलं असतं. देवाची मर्जी, असंही म्हणता आलं असतं, बायका म्हणतातच. माझ्यानं झालं नाही. मी म्हटलं, "व्हय. वाचला असता."

तिनं तवा उतरवला. पदर तोंडाला लावून बराच वेळ बसली. रडत होती का ते मला कळलं नाही, कारण आवाज नव्हता. मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले. लग्न होऊन आल्यापासून आम्ही दोघी अशा शेजारी कधी बसलो नव्हतो. शेवटी म्हणाली, "सांगू द्या पोरीला. समद्यांम्होरं. काय बी गाळायचं न्हाई."

पुढच्या रविवारी परत माणसं बोलावली. मॅडम आणि सविता लवकर आल्या. कशासाठी ते मी हौसरावांना आधी सांगितलं, म्हणजे एवढंच, की मागच्या खेपेला राहिलेलं आज पुरं करायचंय, मरणाचंही. ते ताडकन म्हणाले, अंगणात चालायचं नाही. मालक असते तर त्यांनीही चालू दिलं नसतं, असंही म्हणाले. मालकांचं नाव काढल्यावर माझी जीभ सुटणारच होती, तेवढ्यात सिंधू बायकांतून उठली. डोईवरचा पदर सारखा करून ती मोठ्या माणसांपुढं येऊन उभी राहिली. असं तिनं पूर्वी कधी केलं नव्हतं.

"तात्या," ती म्हणाली, "ह्यातलं देवाला ठाऊक न्हाई असं काय हाय? आमालाच ठाऊक न्हवतं."

 हौसराव तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी ढोल मांडीवरून खाली ठेवला.

सवितानं तो लांबलचक भाग वाचला. प्रतिभा उभी राहिली. कागदाकडं पाहिलं नाही, आईकडंही पाहिलं नाही. पोटातली कळ सांगितली, पापण्या सांगितल्या, जड झालेली जीभ सांगितली. बघणाऱ्यांना वाटतं माणूस प्यालाय, इथं तिचा आवाज फुटला. ती थांबली आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुढचं सलग सांगितलं. किती माणसं उशिरा आणल्यानं गेली तेही सांगितलं, आणि वेळेत आलेली कशी परत गेली तेही. बिरूचं नाव तिनं घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. एकेक मान सिंधूकडं वळत होती आणि खाली जात होती.

हौसरावांची वळली नाही. ते प्रतिभाला म्हणाले, "ती पापण्यांची ओळ परत म्हणायला लाव."

सवितानं परत वाचली, इंग्रजीत. म्हाताऱ्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण ओवी ऐकावी तसं डोळे मिटून ऐकलं. प्रतिभानं परत सांगितली. मग ते उठले, काठी घेतली आणि कुणाशी न बोलता अंगणातून निघून गेले. मला वाटलं, पळाले. तसं मी दोघीचौघींना बोलूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची सरूबाई आमच्याकडं विरजण मागायला आली, तिच्याकडून कळलं. हौसराव घरोघर फिरत होते. या वस्तीवर झालं, मग भांडगावात, मग पलीकडच्या वाड्यांवर. नंतर दौंडची गाडी धरून नदीकाठच्या त्या बागायतदाराच्या दारातही जाऊन आले. आत बसायचे नाहीत, पाणी घ्यायचे नाहीत. दारातून त्या गाणाऱ्या आवाजात सांगायचे, बिरू प्यालेला नव्हता, त्याला मण्यार चावली होती, मी चुकीचं बोललो होतो. कुणी म्हणायचं, जाऊ द्या हो तात्या, झालं गेलं. तरी ते पुढच्या दाराला जायचे.

मी त्यांना माफ केलं असं कुणी समजू नये. लेकाचं नाव त्यांनी घालवलं आणि त्यांनीच फेडलं, त्यात मी काय माफ करायचं. लेक काही परत येत नाही.

आमच्या दारात ते शेवटी आले. संध्याकाळ होत होती, प्रतिभा अजून घरीच होती. मी ओसरीवर होते, पण ते माझ्याशी बोलले नाहीत. दारात उभे राहून आत सिंधूला ऐकू जाईल असं, बाकीच्या घरी सांगितलं तसंच, शब्दाला शब्द सांगितलं.

सिंधू बाहेर आली. हात पुसले.

"पापण्या बघायच्या, हे सांगितलं का लोकान्ला?" तिनं विचारलं. "पहाटं पोटात दुखलं तर वास घेत बसायचं न्हाई, गाडी काढायची. सांगितलं?"

हौसराव गोंधळले. म्हणाले, बिरूचं सांगितलं.

"त्यांचं कळून आता कुणाला काय व्हणार, तात्या? परत जावा. हे सांगा."

मला वाटलं, म्हातारा चिडेल. एवढं हिंडून पायाला फोड आले होते, वहाणेतून दिसत होते. पण ते पायरीवर बसले आणि प्रतिभाला म्हणाले, मला नीट सांग, कुठनं सुरू करायचं. पोरगी त्यांच्यापुढं बसली. ती एक वाक्य सांगायची, ते मागनं म्हणायचे. चुकलं की ती परत म्हणायला लावायची. अंधार पडेस्तोवर त्यांचं चाललं होतं. सिंधूनं आतून दिवा आणून त्यांच्याजवळ ठेवला.